सुकी फळे आणि आतड्यातील जिवाणू : सहा आठवड्यांची घरगुती पारख

आपल्याकडे ‘सुकामेवा’ हा शब्द फार ऐसपैस आहे. काजू-बदामही त्यात बसतात आणि खारीक-बेदाणेही. आतड्यातील जिवाणूंना मात्र या दोन गटांतून मिळणारे अन्न वेगवेगळे असते, म्हणून येथे फक्त सुकवलेल्या फळांचा, म्हणजे बेदाणे, मनुका, खजूर, अंजीर, जर्दाळू आणि प्रून या नावाने मिळणाऱ्या सुक्या आलुबुखारांचा विचार केला आहे. पुढील पद्धत निरोगी प्रौढांसाठी आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आतड्याचा जुना आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, कारण या फळांत साखर आणि पोटॅशियम दोन्ही दाटून आलेले असतात.

प्रयोगाला बसण्यापूर्वी अपेक्षा जमिनीवर आणून ठेवाव्यात. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात २२ निरोगी व्यक्तींना २१ दिवस रोज ७ खजूर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, खायला दिले. तेव्हा जिवाणूंच्या गटांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही, पण शौचाची वारंवारता वाढली आणि मलातील अमोनिया घटला. लंडनमध्ये १२० प्रौढांवर झालेल्या प्रयोगात ४ आठवडे रोज ८० किंवा १२० ग्रॅम प्रून खाणाऱ्यांच्या मलाचे वजन वाढले. अमेरिकेत १३ जणांनी १४ दिवस दिवसातून तीनदा २८-२८ ग्रॅम बेदाणे खाल्ले, त्यात जिवाणूंची एकूण विविधता जवळपास तशीच राहिली. फीकॅलिबॅक्टेरियमसारखे काही प्रकार वाढले, तर ज्यांना आपण ‘चांगले’ म्हणतो त्या बायफिडोबॅक्टेरियांपैकी काही कमी झाले. ‘बेदाणे खा, चांगले जिवाणू वाढवा’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या जाहिरातीपुढे ही माहिती ठेवून पाहावी. जिवाणूंच्या वस्तीत कोण किती राहतो यापेक्षा ती वस्ती काय काम करते, हे सुकी फळे अधिक लवकर बदलतात, असे माझे मत आहे.

हे काम कसे चालते ते समजले की फळ निवडणे सोपे जाते. फळातील चोथा (फायबर) लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणू तो आंबवून ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार करतात, त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन असते. प्रूनमध्ये याखेरीज सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ भरपूर असतो, १०० ग्रॅममध्ये सुमारे १५ ग्रॅम. तो पूर्णपणे शोषला जात नाही, आतड्यात पाणी ओढून घेतो आणि जिवाणूंच्या तावडीत सापडला की वायूही करतो. बेदाण्यात सॉर्बिटॉल जवळजवळ नसते, त्यात टार्टरिक आम्ल असते. चोथ्याच्या बाबतीत सुके अंजीर सर्वांच्या पुढे, १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम. प्रून आणि खजुरात ७ ते ८, बेदाण्यात जेमतेम ४.

आता खरेदी. टूटी-फ्रूटी आणि साखरेच्या पाकात घोळवलेली क्रॅनबेरी या पारखेत धरू नयेत. आपल्या तासगाव-सांगलीकडचा बेदाणा घेतलात तर रंगाकडे लक्ष द्यावे: पिवळाधमक रंग टिकवण्यासाठी अनेकदा गंधकाची धुरी दिलेली असते, आणि दम्याच्या काही रुग्णांना तिचा त्रास होतो, अशांनी काळसर, तपकिरी माल घ्यावा. हेच केशरी जर्दाळूंनाही लागू आहे.

पहिला आठवडा सुकी फळे न खाता, नेहमीच्या जेवणावर, फक्त नोंदींचा ठेवावा. रोज शौच किती वेळा झाले, ब्रिस्टल तक्त्यातील (मलाचे आकार व घट्टपणानुसार प्रकार दाखवणारा तक्ता) १ ते ७ पैकी मल कोणत्या प्रकारचा होता आणि पोट फुगले का, एवढ्या तीनच गोष्टी वहीत लिहाव्यात. ३ आणि ४ हे प्रकार सुदृढ मानले जातात. चातुर्मासातले उपवास, प्रवास, लग्नसराई किंवा नुकताच घेतलेला प्रतिजैविकांचा कोर्स यांपैकी काही असेल तर प्रयोग पुढे ढकलावा, कारण मग जो फरक दिसेल तो नेमका कशाचा, हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात एकच फळ निवडून रोज १५ ग्रॅम खावे, आणि त्यानंतरचे तीन आठवडे ३० ते ५० ग्रॅम. येथे अंदाजाने चालत नाही. ३० ग्रॅम बेदाणे वजनकाट्यावर ठेवून पाहा: तळहाताच्या खोलगट भागात राहतील एवढेच भरतात, आणि चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो हे आठवले की वाटीभर बेदाणे सहज का संपवू नयेत हे कळते. रात्री भिजवून खाण्याची आपली रीत चांगली आहे, फळ मऊ होते आणि नीट चावले जाते. परंतु भिजवल्याने चोथा वाढत नाही, आणि साखर व सॉर्बिटॉल पाण्यात उतरत असल्याने ते पाणी फेकले तर मोजमाप चुकते. ते प्यावे. फळ जेवणाला जोडून खावे आणि नंतर खळखळून चूळ भरावी, कारण ते दातांना चिकटते.

सुरुवातीला गुडगुड किंवा थोडा वायू होणे हे जिवाणू कामाला लागल्याचे लक्षण आहे. पोटात कळ आली किंवा जुलाब झाले तर प्रमाण निम्मे करावे. रोजची भाकरी, उसळ आणि पालेभाजी कमी करून त्या जागी अंजीर ठेवू नयेत: २,००० कॅलरींच्या आहारात ३० ग्रॅम चोथा असावा असे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, आणि ३० ग्रॅम अंजिरांतून त्यातला फक्त दहावा हिस्सा मिळतो.

सहाव्या आठवड्यात फळ पूर्ण बंद करावे, नोंदी मात्र चालू ठेवाव्यात. या आठवड्याचा बहुतेकांना कंटाळा येतो आणि नेमका तोच गाळला जातो. पण पहिल्या आणि सहाव्या आठवड्याची पाने एकसारखी निघाली आणि मधली वेगळी, तरच तो फरक फळाचा म्हणता येईल. दुसरे फळ तपासायचे असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. खजुराच्या त्या प्रयोगातही खजूर खाण्याच्या आणि न खाण्याच्या दोन टप्प्यांमध्ये १४ दिवसांचीच विश्रांती होती.