देवगिरीचा डाव पुन्हा मांडण्याआधी

देवगिरीच्या वेढ्यावरचा माझा संगणकी युद्धडाव मागच्या खेपेला लातूरच्या प्रदर्शनात मांडला आणि नाक कापून घेतलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. कुणी संगणकाविरुद्धचा युद्धडाव करत असेल तर त्यालाही कामाला येईल. नियम, नकाशा, चित्रं झालीच असतील. पुढं चला.

संगणकाला त्याचा स्वतःचा नकाशा द्या. त्याच्या टेहळ्यांना दिसलं तेवढंच त्यात, आणि कितव्या फेरीत दिसलं तेही, म्हणजे माहिती शिळी होते. एवढं मीही केलं होतं. पण मार्ग शोधणारं फंक्शन खऱ्या नकाशावरच चालत राहिलं! अंधारीत, म्हणजे संगणकाच्या टेहळ्यांना न दिसणाऱ्या भागात, लपवलेली तुकडी त्याला अडथळा म्हणून दिसली आणि फौज बरोबर वळसा घालून गेली. नववीतली एक पोरगी म्हणाली, "सर, याला काहून दिसलं हो?" काय सांगणार? 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेव्हा यादवांची मोठी फौज बाहेर होती. मागून वीस हजार स्वार येतायत अशी आवई त्यानं उठवली. गडावरची धान्याची म्हणून ठेवलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात. सगळा वेढाच न दिसणाऱ्या गोष्टींचा. सगळं दिसणाऱ्या गड्याला आवई काय कामाची?

म्हणून मार्ग शोधणारं फंक्शन तपासा. शत्रूचं बळ मोजणारंही तपासा. खऱ्या नकाशाला हात लावणारी प्रत्येक ओळ शोधा, आळस करू नका.

पुढच्या सगळ्या चाली मोजायच्या नादाला लागू नका. बुद्धिबळात एका वेळी साधारण 35 चाली असतात आणि एकच मोहरा हलतो. इथं दहा तुकड्या, प्रत्येकीला पाच वाटा, म्हणजे एकाच फेरीत 97,65,625 पर्याय. आधी बेत ठरवा: वेढा, रसद तोडणं की माघार. मग त्या बेताच्याच चाली तपासा. फेरीला दोन सेकंदांची मर्यादा घाला, शाळेचे संगणक जुने असतात.

अवघड पातळीवर संगणकाला गुपचूप जादा धान्य देऊ नका. द्यायचंच तर पडद्यावर लिहा, पोरं पकडतात.

चालींमध्ये थोडा फेरफार, नाहीतर दुपारपर्यंत सगळे एकाच युक्तीनं जिंकतात. चालींची नोंद. चार्जर. प्रत पेनड्राइव्हवर.

आणि निघायच्या आदल्या रात्री अंधारीत तुकडी लपवा. संगणकाची फौज सरळ तिच्यावर येऊन आदळली तरच पिशवी भरा.