एक मजकूर, एकशे बारा पत्रं: मेल मर्जने सोसायटीच्या नोटिसा कशा काढाव्यात

परळला आमच्या सोसायटीच्या चार इमारती आणि ११२ खोल्या आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेआधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस प्रत्येक सभासदाच्या हातात पडावी लागते. म्हणजे ऐन गणपतीच्या धावपळीत ११२ पत्रं, आणि प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळी खोली, वेगळी थकबाकी. जुनं पत्र उघडायचं, नाव खोडून नवं टाकायचं, प्रिंट मारायची, असं काम अनेक सोसायट्यांत अजून चालतं. त्यात एखाद्याच्या नावाखाली आदल्या माणसाची थकबाकी राहून जाते आणि जिन्यावर भांडण होतं. मेल मर्ज म्हणजे वर्डमधल्या एकाच पत्रात एक्सेलच्या यादीतली नावं-आकडे आपोआप भरून प्रत्येकाचं वेगळं पत्र काढण्याची सोय. तिने हे काम एका संध्याकाळी उरकतं. वर्डमधली बटणं दाबायला दहा मिनिटं पुरतात. बाकीचा सगळा वेळ यादीला आणि वाक्यांना द्यायचा, म्हणून मीही इथे त्यावरच जास्त लिहिते आहे.

आधी यादी

एक्सेलमध्ये एका सभासदाला एक ओळ आणि एका गोष्टीला एक रकाना. पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची नावं. ती मी इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मध्ये जागा न सोडता ठेवते. वर सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक वगैरे काही लिहू नका आणि सेल मर्ज करू नका. खाली बेरजेची ओळही नको, कारण वर्डला ती एकशे तेरावा सभासद वाटते आणि ‘एकूण’ या नावाने एक नोटीस छापून येते. बेरीज दुसऱ्या शीटवर ठेवा.

संबोधन (श्री., सौ., श्रीमती), नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत असू द्या. नावं सभासद नोंदवहीशी, म्हणजे आय रजिस्टरशी, ताडून घ्या. सभासद वारले असतील आणि खोली अजून वारसाच्या नावावर झाली नसेल, तर पत्र कोणाच्या नावे जायचं याचा रकाना वेगळा करा. गेलेल्या माणसाच्या नावाने ‘आपण जातीने उपस्थित राहावे’ असं पत्र घरात येतं तेव्हा त्या घराला काय वाटतं हे मी पाहिलं आहे. यादी तपासायला घेतलेला अर्धा तास त्याच्यासाठी असतो.

आता खोली क्रमांक. आमच्याकडे ‘३/१२’ म्हणजे तिसरी इमारत, बारावी खोली. एक्सेलला ते ३ डिसेंबर वाटतं. तुम्ही आकडे टाकून एंटर मारता, सेलमध्ये तारीख दिसू लागते आणि पत्रावर खोलीच्या जागी तारीख छापून येते. सेलचं फॉरमॅट नंतर बदलून उपयोग होत नाही, कारण तोवर आत तारखेचा आकडा बसलेला असतो. टाइप करण्याआधीच अख्खा रकाना सिलेक्ट करून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा.

दुसरी अडचण याहून लपलेली असते. वर्ड एक्सेलमधली यादी उचलतो तेव्हा रकान्यातल्या पहिल्या काही ओळी, साधारण आठ, पाहून रकाना आकड्यांचा की अक्षरांचा ते ठरवतो. पहिल्या आठ ओळींत १०१, १०२ असे निव्वळ आकडे असले आणि चाळिसाव्या ओळीत ‘दुकान २’ आलं, तर पत्रावर तिथे शून्य किंवा रिकामी जागा येते. पहिल्या वर्षी आमच्या तळमजल्यावरच्या दुकानदारांच्या नोटिसा अशाच शून्य क्रमांकाने निघाल्या आणि सगळ्या परत छापाव्या लागल्या. यावर मला सापडलेला सोपा उपाय म्हणजे सगळ्याच नोंदींना अक्षरं जोडणं: ‘खोली ३/१२’, ‘दुकान २’. मग रकाना अक्षरांचाच राहतो आणि तारखेचाही घोळ मिटतो.

रकमा आणि तारखांनाही हाच न्याय. एक्सेलमध्ये ‘३,७५०.००’ असं नीट दिसणारं वर्डमध्ये ‘३७५०’ होऊन येतं, तारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी अशी उलटते. वर्डमध्ये फील्ड कोड (रिकाम्या जागेमागची सूचना) बदलून हे सुधारता येतं, पण मला एक्सेलचं टेक्स्ट फंक्शन, म्हणजे आकडा हव्या त्या रूपात अक्षरांत मांडणारं सूत्र, सोयीचं वाटतं. शेजारी एक नवा रकाना करा, त्यात टेक्स्ट फंक्शनने रक्कम हवी तशी मांडून घ्या आणि पत्रात हा रकाना वापरा. मूळ आकड्यांचा रकाना हिशेबासाठी तसाच राहू द्या, तो पुढे लागणार आहे.

‘अक्षरी रुपये’ हवं असेल तर थोडी मेहनत आहे. वर्ड आकड्याचे शब्द करून देतो, पण मराठीत नाही. आणि मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव आहे. एकोणसत्तर, एकाहत्तर, त्र्याण्णव हे कुठल्या एका सूत्रातून निघत नाहीत. म्हणून वेगळ्या शीटवर १ ते ९९ ची शब्दयादी एकदाच टाइप करा, तिच्याशेजारी एकशे ते नऊशे ही नऊ शब्दांची दुसरी, आणि व्हीलुकअपने (यादीतून आकड्याचा शब्द शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) हजार, शेकडा, उरलेले असे तीन तुकडे जोडा. ३,७५० चं ‘तीन हजार सातशे पन्नास’ होतं. फक्त नेमके शंभर उरले तर ‘एकशे’ न येता ‘शंभर’ यावं, तेवढा अपवाद हाताने घाला. ही यादी जन्मभर पुरते.

शेवटी फॉन्ट. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट लावला म्हणून मराठी दिसतात. पत्रात फॉन्ट बदलला की अगम्य अक्षरं उमटतात. आधी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणा. यादी सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह करायची असेल तर ‘यूटीएफ-८’ असा पर्यायच निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मग वाक्यं

यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मराठीत नावाला प्रत्यय लागला की नाव बदलतं. गोखले – गोखल्यांना, कदम – कदमांना. रिकाम्या जागेला थेट ‘ला’ किंवा ‘चा’ चिकटवून वाक्य लिहिलं तर अर्ध्या पत्रांत ते चुकीचं होतं. म्हणून प्रत्यय नावावर न लावता पुढच्या शब्दावर लावा: ‘श्री. गोखले यांना’, ‘सौ. कदम यांच्या नावे’. सरकारी पत्रांतलं ‘यांस’ आपल्याला जुनाट वाटतं, पण ते इथे किती कामाचं आहे पाहा. तसंच रकमेचं: ‘आपली थकबाकी रु. ३,७५० इतकी आहे’ हे वाक्य कुठल्याही आकड्याला चालतं. ‘आपण आलेले नाहीत’, ‘आपण आलेल्या नाहीत’ या स्त्री-पुरुष भेदात न अडकता ‘आपली उपस्थिती नव्हती’ असं लिहा. मजकूर झाला की वेगवेगळ्या धाटणीची तीन नावं घालून तो मोठ्याने वाचा. अडखळलात तर तिथे वाक्य बदला.

आता वर्ड

१. एक्सेल फाइल सेव्ह करून बंद करा. वर्डमध्ये पत्र उघडा, ‘मेलिंग्ज’ टॅबवर ‘स्टार्ट मेल मर्ज’मधून ‘लेटर्स’ निवडा.

२. ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मध्ये ‘यूज ॲन एक्झिस्टिंग लिस्ट’ घेऊन आपली फाइल आणि नेमकी शीट दाखवा. हे पत्र पुन्हा उघडाल तेव्हा वर्ड एसक्यूएल कमांड चालवू का असं विचारतो. घाबरू नका, फाइल आपलीच असेल तर ‘येस’ म्हणा.

३. जिथे नाव हवं तिथे कर्सर ठेवून ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’मधून रकाना निवडा. ते दुहेरी कोनी कंस हाताने टाइप करून चालत नाही, ते बटणातूनच यावे लागतात.

४. ज्यांची थकबाकी नाही त्यांना थकबाकीचं वाक्य जायला नको. ‘रूल्स’मध्ये ‘इफ… देन… एल्स’ आहे. मूळ आकड्यांचा रकाना शून्यापेक्षा जास्त असेल तर एक वाक्य, नसेल तर दुसरं. दुसऱ्या जागी आम्ही ‘आपली सर्व देणी वेळेवर जमा झाली आहेत, आभारी आहोत’ असं लिहितो. वेळेवर भरणाऱ्यालाही आपली नोंद घेतली गेल्याचं कळावं.

५. मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये आला तर सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-डी दाबा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फॉन्ट व आकार बदला. देवनागरीला तोच लागू होतो.

६. ‘प्रीव्ह्यू रिझल्ट्स’ दाबून पाच पत्रं तरी पाहा: पहिलं, शेवटचं, सर्वांत लांब नावाचं, शून्य थकबाकीचं आणि सर्वांत मोठ्या थकबाकीचं.

७. ‘फिनिश अँड मर्ज’मध्ये थेट प्रिंट न निवडता ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ घ्या. ११२ पत्रांची एक फाइल तयार होते. ती वरपासून खालपर्यंत सरकवून पाहा आणि मगच प्रिंटरकडे पाठवा.

छापण्याआधी दहा खोल्यांचे आकडे खातेवहीशी जुळवून बघा. एक्सेलमध्ये कुणी एकच रकाना सॉर्ट केला असेल तर नावं एका क्रमात आणि थकबाकी दुसऱ्या क्रमात जाते, आणि ते नजरेला सहज दिसत नाही. शेजाऱ्याची थकबाकी तिसऱ्याच्या हातात पडणं ही चूक माफी मागून मिटत नाही.

वेगवेगळ्या फाइली हव्या असतील तर

व्हॉट्सॲपवर पाठवायला प्रत्येकाची पीडीएफ वेगळी लागते. वर्ड स्वतःहून तसं करून देत नाही. लिबरऑफिस रायटर मोफत आहे आणि त्याच्या मेल मर्जमध्ये प्रत्येक पत्र वेगळ्या फाइलमध्ये, रकान्यातलं नाव देऊन सेव्ह करण्याची सोय आहे. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून ‘३-१२’ असा आणखी एक रकाना त्यासाठी करून ठेवा.

एका सभासदाच्या बिलात अनेक ओळी असतील (सेवा शुल्क, सिंकिंग फंड, पाणीपट्टी, भाडेकरू असल्यास नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस), आणि ओळींची संख्या दर घराला वेगळी असेल, तर मेल मर्ज अपुरं पडतं. तिथे पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ‘डॉक्स-टीपीएल’ (docxtpl) ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, उपयोगी आहे. पत्र वर्डमध्येच बनवायचं, रिकाम्या जागी दुहेरी महिरपी कंसात रकान्याचं नाव लिहायचं आणि तक्त्याच्या ओळी हव्या तितक्या वेळा फिरवायच्या. कंसातला मजकूर एका दमात टाइप करा, त्यातलं अर्धंच ठळक करू नका. घरात इंजिनीअरिंगला असलेलं कुणी मूल असेल तर त्याच्यासाठी हे एका दुपारचं काम आहे.

पोच

त्याच यादीतून सह्यांचा कागदही काढा. या वेळी ‘लेटर्स’ऐवजी ‘डिरेक्टरी’ निवडा आणि एका ओळीचा तक्ता करा: खोली, नाव, तारीख, सही. तक्त्याचा मथळा पानाच्या हेडरमध्ये टाका, नाहीतर तो प्रत्येक सभासदामागे पुन्हा छापला जातो. सहीसाठी ओळ जरा उंच ठेवा, वयस्कर सभासदांना सोपं जातं. इमारतवार चार गठ्ठे, प्रत्येकावर त्या इमारतीचा कागद, आणि वॉचमनबरोबर कमिटीतलं एक माणूस. कुलूप असलेल्या घराची सही रिकामी राहील, ती पत्रं दुसऱ्या दिवशी नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच कागदाला टाचा.