घोडा, धूळ आणि सत्तर-दोनशे

माझा अहमदपूरला स्टुडिओ आहे. वर्षभर लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं. मार्गशीर्ष सरत आला की नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिथल्या घोडेबाजारात माझा वेगळा धंदा सुरू होतो. कुणाला घोडं विकायचं असतं, कुणाला नुसतं मिरवायचं असतं; फोटो दोघांनाही लागतो. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडे ७०-२०० एफ/२.८ ही लेन्स (७० ते २०० मिलिमीटरची झूम, लांबचं जवळ आणणारी; एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त आणि मागचं जास्त धूसर) बहुधा असतेच, वरमाला लांबून टिपायला घेतलेली. तीच लेन्स घोड्यावर कशी लावायची, हे विचारणारे फोन दरवर्षी डिसेंबरात येतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

सेटिंगच्या आधी एक गोष्ट. घोड्याचा फोटो दोन प्रकारची माणसं बघतात. आपल्यासारखी माणसं धूळ, उजेड, आयाळ बघून खूश होतात. घोडेवाला यातलं काहीच बघत नाही. तो आधी कान बघतो, मग पाय, मग मान आणि शेवटी स्वाराचा हात. कान मागं पडलेला फोटो कितीही कडक असला तरी तो म्हणणार, "जनावर चिडकं दिसतंय." माळेगावात एका म्हाताऱ्या मोतद्दारानं (घोड्याची निगा राखणाऱ्यानं) मला सरळ सांगून ठेवलंय, "दादा, कान टवकारल्याबिगर फटू काढूच नका." मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत तर कान म्हणजेच रूप. ते आत वळलेले असतात आणि टवकारले की टोकाला टोक भिडतं. भिडलेल्या टोकांचा फोटो मिळाला की मालक भाव करत नाही. यासाठी मी सोबत एक पोरगा ठेवतो. माझ्या पुढं पाच-सात पावलांवर, बाजूला उभा राहून तो हातातली प्लास्टिकची पिशवी हलकेच चुरगाळतो. त्या आवाजाला घोडं कान देतं. पिशवी जोरात फडफडवायची नाही. बिथरलं तर शेजारची चार घोडीही बिथरतात.

उभ्या घोड्याच्या, म्हणजे विक्रीच्या फोटोला मोबाइल चालत नाही. मोबाइल जवळून धरला की तोंड मोठं आणि पुठ्ठे बारीक दिसतात. लांब लेन्सचा खरा उपयोग इथं आहे. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला अख्खा घोडा बसवायचा तर साधारण १५ मीटर मागं सरावं लागतं, आणि यात्रेत एवढी मोकळी जागा मिळणं मुश्किल. म्हणून १०० च्या आसपास, सात-आठ मीटरवर थांबा. लेन्स घोड्याच्या छातीच्या उंचीवर आणा, म्हणजे थोडं वाकावं लागेल. मोतद्दाराला सांगा, आपल्या बाजूचे पाय जरा फाकवून उभं कर, चारही पाय दिसू देत. इथं एफ/५.६ ठेवा. पार्श्वभूमी पुसायच्या नादात एफ/२.८ वर काढलं आणि शेपूट धूसर झाली तर गिऱ्हाईक विचारतं, शेपटीत काय लपवलंय?

आता पळता घोडा. लेन्स चांगली असली तरी चाल ओळखता आली नाही तर फोटो पांगळाच येतो.

दुडकीत पाय तिरक्या जोडीनं उचलले जातात, पुढचा उजवा आणि मागचा डावा, मग उलट. ताल दोनाचा. या चालीत बटण दाबायचं ते तिरकी जोडी पूर्ण ताणली जाते तेव्हा. जोडी एकमेकींना ओलांडत असताना दाबलं तर घोडं उभ्या उभ्या अडखळल्यासारखं दिसतं. यात्रेत रेवाल चालीचं फार कौतुक. तिच्यात एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ सोबतच पडतात आणि वरचा स्वार हलत नाही. तिथं पायांसोबत स्वाराचं तोंडही धरा, कारण त्या चालीची सगळी मिजास त्याच्या ताठ बसण्यात असते. चौखूर पळताना ताल चाराचा होतो आणि एक क्षण असा येतो की चारही खूर जमिनीच्या वर असतात. हा क्षण पाय लांब फेकलेले असताना येत नाही, चारही पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा येतो. पूर्वीचे चित्रकार पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणून घोडा हवेत काढायचे. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावले आणि घोड्यानं तार तोडली की फोटो निघेल अशी सोय केली, तेव्हा खरं काय ते उघड झालं. माझ्या मते विक्रीला पुढचा पाय ताणलेला फोटो चांगला आणि भिंतीवर लावायला पोटाखाली पाय गोळा झालेला. मालकाला दोन्ही दाखवा. तो पहिलाच घेतो.

आणि हो, बटण दाबून धरलं म्हणजे एखादा तरी बरोबर येईल, हा भ्रम काढून टाका. भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरनं म्हटला तरी सेकंदाला ११ मीटर जातो. कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये घोडा मीटरभर पुढं गेलेला असतो. एका ढांगेत चार-पाच फोटो पडतात आणि नेमका हवा तो त्यांच्या मधल्या फटीतही निसटू शकतो. आधी कॅमेरा खाली ठेवून टापा ऐका. कानाला ताल सापडला की तीन-चार फोटोंचे छोटे छोटे हप्ते मारा. कार्डही लवकर भरत नाही आणि संध्याकाळी निवडायलाही सोपं जातं.

शटर, म्हणजे फोटो सेकंदाच्या कितव्या भागात टिपायचा ते, याच हिशोबानं ठरतं. १/१००० सेकंदात घोड्याचं धड एक सेंटिमीटरहून थोडं जास्त सरकतं. पुढं फेकलेला खूर धडापेक्षा कितीतरी जोरात जात असतो. म्हणून दुडकीला १/१०००, भरधाव घोड्याला १/१६०० ते १/२०००. एफ/२.८ ची किंमत इथं वसूल होते. ज्या उजेडात ५.६ ची साधी झूम १/५०० वर येऊन थांबते, तिथं ही लेन्स त्याच आयएसओवर (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय त्या आकड्यावर) १/२००० देते, कारण उजेड चौपट आत येतो. डिसेंबरात सकाळी धुकं असताना आणि दिवस मावळताना एवढाच फरक कामाचा. शटर आणि अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) हातानं बांधून टाका, आयएसओ ऑटोवर सोडा आणि त्याला वरची मर्यादा घाला. आयएसओ वाढून फोटोत थोडा दाणा आला तर घोडेवाल्याला दिसतही नाही. हललेला पाय मात्र त्याला लगेच दिसतो.

पण पूर्ण २.८ वर सगळं काढायचा हट्ट नको. २०० मिलिमीटर, एफ/२.८ आणि घोडा १० मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा असतो. १५ मीटरवर तोच मीटरभराच्या जवळ जातो. तिरक्या येणाऱ्या घोड्याचा डोळा आणि वरच्या स्वाराचं तोंड यांतच मीटरभर अंतर असतं. दोघंही स्वच्छ हवे असतील तर एफ/४ करा. फक्त घोड्याचं तोंड हवं असेल आणि मागं उसाच्या रसाचं दुकान, फटफट्या, फ्लेक्स असा पसारा असेल तर २.८ च बरा.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा. निकॉन-सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्व्हो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत जनावराचा डोळा ओळखायची सोय असते. काही मॉडेल घोडाही ओळखतात. पण कपाळावर गोंडे, मोत्यांच्या झालरी, वर डोळ्यापर्यंत आलेली आयाळ असं सजवलेलं घोडं असलं की कॅमेरा गोंधळतो आणि गोंड्यावर जाऊन बसतो. अशा वेळी डोळा सोडा, फोकसच्या मधल्या छोट्या चौकटींचा गट घ्या आणि मान जिथं छातीला मिळते तिथं धरा. डोकं वर-खाली होतं, छाती त्या मानानं स्थिर असते. फोकसचं काम मागच्या बटणावर देऊन टाका, म्हणजे मध्येच कुणी आडवं आलं तर अंगठा उचलता येतो. यात्रेत माणूस आडवा येणारच.

उभं कुठं राहायचं? घोडं सरळ अंगावर येतं अशा जागी नाही. कॅमेऱ्यालाही अशा वेळी फोकस धरणं जड जातं, पण मुद्दा जिवाचा आहे. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. मागून कधीच जवळ जायचं नाही. शेजारून, बोलत बोलत जायचं. पळण्याच्या पट्ट्याला तिरके, साधारण ४५ अंशांत उभे राहा. मागं सरकायला वाट आहे का, ते आधी बघून ठेवा. गर्दीत गुडघ्यावर बसू नका, उठायला वेळ लागतो. फ्लॅश बंद, छत्री मिटलेली.

सकाळी ऊन पाठीशी घेतलं की रंग खरा येतो. पण एक फेरी उलट्या बाजूनंही काढा, उन्हाकडं तोंड करून. काळ्या रानाची धूळ टापांखालून उडते आणि मागून ऊन लागलं की घोड्याभोवती सोन्याची कड येते. लेन्सचं हूड लावलेलंच हवं, नाहीतर सगळं पांढरट होतं. दाट धुळीत फोकस चुकतो, त्याला इलाज नाही. घोडं धुळीच्या पुढं निघेपर्यंत थांबायचं.

रंगाचं थोडं. नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, फ्रेम भरून असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो. उजेड अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवा. तोच नुकरा लांबवर, काळ्या रानात लहानसा दिसत असेल तर उलटं होतं, अंगावरचा सगळा तपशील उडतो. तिथं कमी करा. काळ्याभोर घोड्याला सकाळचं तिरकं ऊन लागतं, दुपारी तो नुसता डाग दिसतो. पंचकल्याणी घोड्याचे चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. यातलं काहीही फ्रेमबाहेर गेलं तर मालक फोटो परत करतो. आणि येळकोट-येळकोट करत भंडारा उधळला गेला की नुकऱ्यावर पिवळी झाक येते. ती घालवू नका. यात्रेचा फोटो आहे तो.

भंडारा आणि धूळ दोन्ही लेन्सच्या काचेवर बसतात. रुमालानं पुसायचं नाही, आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. पुढं साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा. मैदानात लेन्स बदलायची नाही. जवळचं काढायला दुसरा कॅमेरा किंवा सरळ मोबाइल.

नांदेडला होळीला आणि दसऱ्याला तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक निघते, तिथं ही लेन्स वेगळी वागते. घोडे असतात, पण सोबत हत्यारं घेतलेली मोठी गर्दी धावते. खाली रस्त्यावर उभं राहिलात तर ७० सुद्धा जास्त होतं आणि तुम्ही वाटेत येता. आधी ओळख काढून, विचारून एखाद्या गच्चीवर जागा धरा आणि १५०-२०० वर काढा. होळीच्या दुपारी डांबर तापलेलं असतं. लांबच्या घोड्याचे पाय पाण्यात असल्यासारखे थरथरतात. तो फोकसचा दोष नव्हे, गरम हवा आहे. घोडा जवळ येऊ द्या.

उड्यांचा सराव करायचा असेल तर शहरातला एखादा रायडिंग क्लब गाठा आणि आधी परवानगी घ्या. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारतानं ड्रेसाजचं (घोड्याला तालात, ठरलेल्या चालींत चालवण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण जिंकलं. ड्रेसाजमध्ये उडी नसते, पण तालावर डोळा बसवायला त्याचा सरावही उत्तम. उडीचं काम तुलनेनं सोपं, कारण घोडा कुठं येणार हे माहीत असतं. अडथळ्याच्या वरच्या दांडीवर फोकस आधीच लावा, पुढून तिरके थांबा, १/१२५० वर. मागचे खूर जमीन सोडतात आणि पुढचे पाय छातीशी दुमडलेले असतात, तो क्षण. उतरतानाचा फोटो काढू नका. मान खाली, स्वार पुढं फेकलेला, कुणालाच आवडत नाही.

पॅनिंगचा, म्हणजे पळत्या घोड्यासोबत कॅमेरा फिरवून मागचं फराटल्यासारखं काढण्याचा, मोह होईलच. शटर १/६० वर आणा, लेन्सवर आडव्या पॅनिंगसाठीचा स्थिरीकरणाचा मोड असेल तर तो लावा, पाय घट्ट रोवून कंबरेतून फिरा आणि बटण दाबल्यावरही फिरत राहा. दुडकीवर जमतं, चौखुरात डोकं फार हलतं. पैसे देणाऱ्याचं काम उरकल्यावरच हा खेळ करा.

फोटो देताना खूर कापू नका आणि घोड्याच्या पुढं मोकळी जागा सोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून टाकतो आणि दोष तुमच्या लेन्सवर येतो. प्रत्येक मालकाचा पहिला फोटो घोड्यासोबत त्याचाच काढा, म्हणजे रात्री शेकडो घोड्यांतून कुणाचं कोणतं हे शोधत बसावं लागत नाही. आणि पैसे आधी ठरवा, घोडं विकायच्या आधी. सौदा झाला की मालक आणि घोडं दोघंही वेगवेगळ्या टेम्पोतून निघून जातात.