नॅनीचा टॅक्स आणि शेड्यूल एच: या चुका टाळा

अमेरिकेत मूल सांभाळायला मावशी ठेवलेल्या घरांतून एप्रिल आला की तोच प्रश्न येतो: "टॅक्स सॉफ्टवेअर विचारतंय, घरी कोणी कामाला होतं का? 'नाही' टाकलं तर चालेल ना?" नाही चालणार. शेड्यूल एच, म्हणजे घरच्या कर्मचाऱ्याच्या पगारावरचा कर दाखवायचा फॉर्म, १०४० (तुमच्या वार्षिक रिटर्न) बरोबर एप्रिलमध्ये जात असला, तरी त्याचं काम पहिल्या पगाराच्या दिवशी सुरू होतं. वर्षभर झोपून शेवटच्या रात्री जागणाऱ्यांसाठी तो फॉर्म नाही.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे "कॅश देतोय, कोणाला कळतंय?"

कळतं, आणि तेही तुमच्याच हातून. न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या जोडप्याने मावशींना आठवड्याला ४५० डॉलर रोख दिले, दोन वर्षं. मुलगी किंडरगार्टनला गेल्यावर साडी देऊन, पाया पडून निरोप दिला. सगळं गोडीगुलाबीत. पुढे कोणीतरी मावशींना सांगितलं की नोकरी गेली की बेरोजगारी भत्ता मिळतो. त्यांनी सरळ मनाने अर्ज केला आणि शेवटचे मालक म्हणून यांचं नाव लिहिलं. राज्याच्या दप्तरात यांनी दिलेला एक डॉलरही पगार नव्हता. मग पत्र आलं.

हिशेब बघा. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर पगार २२,५००. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून १५.३ टक्के, म्हणजे ३,४४२.५० डॉलर. यातला निम्मा वाटा दर पगारातून कापायचा असतो. तो कापलाच नाही, म्हणून पूर्ण रक्कम यांच्याच खिशातून गेली. केंद्राचा बेरोजगारी कर पहिल्या ७,००० डॉलरवर लागतो. राज्याच्या बेरोजगारी कराचा हप्ता वेळेवर भरला असता तर तो ४२ डॉलर पडला असता, न भरल्यामुळे ४२०. हे सगळं दोन वर्षांचं, वर दंड आणि व्याज. आणि कहर म्हणजे मुलाच्या सांभाळाची सवलत मिळावी म्हणून फॉर्म २४४१ वर मावशींचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर यांनी स्वतःच लिहिला होता! एकाच रिटर्नमध्ये सवलतीच्या पानावर मावशी आहेत आणि कराच्या पानावर नाहीत. एवढा धडधडीत पुरावा आयआरएसला (केंद्राच्या कर खात्याला) कोणी आयता देतं का?

यात मावशींचं नुकसान कोणी मोजत नाही. अमेरिकेत म्हातारपणीच्या पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. साठीला टेकलेल्या बाईची दोन वर्षं बिननोंदीची जाणं म्हणजे काय, ते तुमचं ४०१के (निवृत्तीचं खातं) उघडून बघताना जरा आठवा.

दुसरी चूक: मावशींना १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराला द्यायचा फॉर्म) देऊन मोकळं होणं. कधी यायचं, बाळाला काय भरवायचं, कधी झोपवायचं हे तुम्ही ठरवता, तर त्या तुमच्या कर्मचारी आहेत. कागदावर 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिल्याने ते बदलत नाही, अर्धवेळ असल्यानेही नाही. स्वतःचं मशीन घेऊन दहा घरांचं गवत कापणाऱ्याची गोष्ट वेगळी. १०९९ दिलं की पूर्ण १५.३ टक्के मावशींच्या डोक्यावर बसतात, म्हणजे घरात सगळ्यांत कमी कमावणाऱ्या माणसावर. "आमच्या सीपीएने सांगितलं" असं कोणी म्हटलं की मी सीपीए (अकाउंटंट) बदला म्हणतो.

"हातात ४५० ठरलेत, कापायचे कसे?" असं वाटत असेल तर त्यांचा वाटाही तुम्ही भरा, परवानगी आहे. पण त्या वाट्याचे १,७२१.२५ डॉलर डब्ल्यू-२ (मावशींना द्यायचा वर्षाच्या पगाराचा दाखला) च्या बॉक्स १ मध्ये, म्हणजे आयकराच्या पगारात, मिळवायचे: तिथे २४,२२१.२५ येतील, बॉक्स ३ आणि ५ मध्ये, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या पगारात, २२,५००च राहतील. तिन्हीकडे एकच आकडा ठोकणारे दर वर्षी भेटतात.

बाकीच्या फुटकळ. स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर मालकाचा नंबर म्हणून टाकू नका. ईआयएन, म्हणजे मालकाचा वेगळा नंबर, आयआरएसच्या साइटवर फुकट आणि लगेच मिळतो. डब्ल्यू-२ ची मुदत ३१ जानेवारी, १५ एप्रिल नव्हे. नॅनीचा पगार स्वतःच्या कंपनीच्या खर्चात घुसवू नका. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या नात्यातल्या काकूंना पगार देणं हा टॅक्सचा प्रश्नच नाही, ते बेकायदा काम आहे. आय-९ (काम करायची परवानगी तपासायचा फॉर्म) कामाच्या सुरुवातीलाच भरून घ्या. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागायला वर्षाच्या पगाराची मर्यादा असते, २०२५ साठी ती २,८०० डॉलर होती, पण ती ओलांडली की पहिल्या डॉलरपासून कर, फक्त वरच्या रकमेवर नव्हे.

"किती किचकट आहे हे" म्हणणाऱ्यांसाठी: १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी निवडलेल्या झोई बेअर्ड यांना याच नॅनी प्रकरणात माघार घ्यावी लागली. तेव्हा तिमाहीला ५० डॉलर दिले तरी कर लागायचा आणि दर तिमाहीला वेगळा फॉर्म. १९९४ च्या कायद्याने ते सगळं वर्षातून एकदा, तुमच्याच रिटर्नवर आणलं.

मात्र 'वर्षातून एकदा' म्हणजे पैसेही एप्रिलमध्येच द्यायचे असं नाही, कमी भरल्याचा दंड लागू शकतो. माझी सवय सांगतो: मावशी ठरल्या त्याच आठवड्यात आपल्या ऑफिसात नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) देऊन आपल्याच पगारातून जास्तीचा कर कापायला लावायचा, आणि त्याच बैठकीत राज्याकडे मालक म्हणून नोंदणी. शेड्यूल एच राज्याचं काम करत नाही, ते प्रत्येक राज्यात वेगळं भरावं लागतं.