घराला लागून गाडीसाठी गॅरेज बांधताय? आधी हे बघा

सगळ्यात आधी गाडी मोजा, आणि नुसती गाडी नाही तर दोन्हीकडची दारं पूर्ण उघडून मोजा, कारण एका गाडीला १२ बाय २० फूट म्हणजे अगदी कमीत कमी, सायकली-सामान ठेवायचं तर अजून वाढवा. परवानगी आणि प्लॉटच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे नकाशा काढायच्या आधीच विचारून घ्या. फ्लोअरला बाहेरच्या दाराकडे उतार द्या, फुटाला साधारण पाव इंच, नाहीतर पावसाचं पाणी आतच साचतं. लेव्हल घरापेक्षा थोडी खाली ठेवा, पेट्रोलची वाफ जड असते, खालीच राहते. जुन्या-नव्या भिंतीत जॉइंट, म्हणजे थोडी फट, सोडायला सांगा हं, नवा पाया थोडा खाली बसतोच, फट नसली की मग तडे जातात. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचं वायरिंग आत्ताच टाका.