क्रूझवर मुलांना किड्स क्लबमध्ये सोडायचंय? आधी ही तयारी करा

किड्स क्लबच्या फॉर्मवर आजीचं नाव लिहा. किड्स क्लब म्हणजे बोटीवर मुलांना काही तास सांभाळणारी, खेळवणारी जागा. मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं, असा एक रकाना त्या फॉर्मवर असतो. तिथे आई आणि बाबा एवढंच लिहून आपण पुढे सरकतो, कारण मागे रांग असते आणि पोर हात ओढत असतं. सरकू नका. आजी, आजोबा, आत्या, मामा, जी जी मोठी माणसं तुमच्याबरोबर बोटीवर आहेत त्या सगळ्यांची नावं तिथे गेलीच पाहिजेत. कपडे, टोप्या, गॉगल यांच्या याद्या सगळीकडे मिळतात. ही यादी मूल क्लबमध्ये सोडण्यापुरतीच आहे.

सुरुवात बुकिंगच्या आधी. मुंबईहून गोव्याला जाणारी बोट असो की सिंगापूरहून सुटणारी, पहिला प्रश्न वयाचा. बहुतेक क्लब ३ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाच एकटं ठेवून घेतात, आणि डायपर सुटलेला असावा लागतो. क्लबमधल्या ताई डायपर बदलत नाहीत. पुल-अप, म्हणजे चड्डीसारखा चढवायचा डायपर, घातलेलं मूल त्यांच्या हिशेबात डायपरवालंच, त्यावर दारात वाद घालून काही होत नाही. वयही साधारण बोट सुटण्याच्या दिवशी मोजतात, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात तीन पूर्ण होतील’ हे चालत नाही. कार्निवलसारखी कंपनी २ वर्षांपासून घेते. डिस्नेच्या बोटींवर आणि रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या बोटींवर ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी वेगळी नर्सरी असते, पण तिचे तासाप्रमाणे पैसे पडतात आणि जागा थोड्या असतात, म्हणून ती आधीच बुक करायची. ६ महिन्यांच्या आतलं बाळ तर बहुतेक बोटींवर चढूच देत नाहीत. हे सगळं एजंटला तोंडी विचारू नका. ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

त्याच ईमेलमध्ये वेळा विचारा. क्लब दिवसभर सलग उघडा असतो असं आपण धरून चालतो. तसं नसतं. जेवणाच्या वेळी बरेच क्लब बंद होतात आणि मुलं परत न्यावी लागतात, म्हणजे तुमचं जेवण शांतपणे होईल हे विसरा. रात्री उशिराच्या तासांना काही ठिकाणी वेगळे पैसे असतात. बोट बंदराला लागलेली असताना क्लब उघडा असतो का, हेही विचारा. मूल बोटीवर आणि आईबाबा गोव्यात उतरलेले, ही सोय काही बोटी देतात, काही देत नाहीत. देत असतील तर त्या वेळी मुलाला न्यायचा हक्क असलेलं कोणीतरी बोटीवर हवं. म्हणजे पुन्हा आजीच, आणि तिचं नाव फॉर्मवर.

नाव कसं लिहायचं, तेही सांगते. आधार कार्डावर आणि बोटीवर मिळणाऱ्या कार्डावर आहे अगदी तसंच लिहा. आपल्याकडे घरात तिला सगळे माई म्हणतात, माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि आधारवर तिसरंच काहीतरी स्पेलिंग. दारातला माणूस कार्ड बघतो आणि यादी बघतो. दोन्ही जुळलं तर मूल हातात देतो, नाहीतर नाही. आईच्या आईचं आडनाव नातवंडापेक्षा वेगळं असतं, तेव्हा आडनावावरून नातं कोणी ओळखेल ही आशाही नको.

आमच्या वेळी आजीचं नाव त्या रकान्यात नव्हतं. आम्ही दोघं खाली नाट्यगृहात, फोनला रेंज नाही. आत पोरगी रडते आहे आणि माझ्या सासूबाई क्लबच्या अर्ध्या दारापाशी उभ्या, एका हातात बोटीचं कार्ड, दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली. पोरगी दारावरून हात वर करून ‘माई, माई’ म्हणत होती आणि ती मुलगी, तिथली ताई, मान हलवत होती. ‘सॉरी माजी, नाम नहीं है.’ त्या ताईचं काहीही चुकलं नव्हतं. कोणीही आजी म्हणून आली आणि मूल देऊन टाकलं, असा क्लब मला नकोच आहे. नियम बरोबर आहे, म्हणूनच नाव लिहायचं.

आता हवामान. मुंबई-गोवा मार्गावरच्या क्रूझ पावसाळा सोडून चालतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की समुद्र शांत झाला, असं आपल्या डोक्यात असतं, पण लहान मुलांना घेऊन जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा. मे महिन्याच्या शेवटी सुट्टी असते म्हणून जाऊ नका, तेव्हा मोठ्या लाटा सुरू झालेल्या असतात. आणि धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीत मूल टुणटुणीत होतं, म्हणून त्याला बोट लागणार नाही असा निष्कर्ष काढू नका. ती खाडी आहे. थोडी तरी कल्पना यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने एकदा नेऊन आणा.

बोट लागण्याचं औषध डॉक्टरांना विचारूनच. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. प्रोमेथाझिन हे त्यातलंच एक औषध, ते २ वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत. कोणतंही औषध असो, क्लबमधले लोक सहसा ते मुलाला पाजत नाहीत, त्यामुळे डोसची वेळ आणि क्लबची वेळ एकमेकांवर येऊ देऊ नका. ज्या मुलाला उलटी किंवा जुलाब झालेत ते क्लबमध्ये जाणार नाही. लपवून सोडू नका, अजिबात नाही. बोटीवर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस पसरला की शेकडो माणसं आडवी होतात, आणि दारातली सॅनिटायझरची बाटली त्याच्यावर फारशी चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, क्लबमधून बाहेर आल्यावर लगेच, काही तोंडात घालायच्या आधी.

ॲलर्जी असेल तर फॉर्मवर मोठ्या अक्षरात. आपल्याकडच्या मुलांना काजूची ॲलर्जी असू शकते हे आपल्यालाच पटत नाही, घरात काजूचे डबे भरलेले असतात. पण असली तर लिहा, आणि दारात तोंडीही सांगा. खाणं आत नेता येतं का ते विचारून घ्या. केबिनमध्ये मेतकुटाचं सीलबंद पाकीट असलेलं बरं.

मुलाला शू-शी लागली हे हिंदीत किंवा खुणेने सांगता आलं पाहिजे. महिनाभर आधी शिकवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आतल्या ताया कोणत्याही प्रांतातल्या, कोणत्याही देशातल्या असू शकतात आणि मालवणीत पुटपुटणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाचं त्यांना काही कळत नाही.

रत्नागिरी, कणकवली, कुडाळकडून येणाऱ्यांनी कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी बोटीवर चढू नका. पहाटे स्टेशनवर उतरलेलं मूल दुपारी मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरच्या रांगेत किरकिरं होतं आणि संध्याकाळी क्लबच्या दारात भोकाड पसरतं. मग आपण म्हणतो, त्याला क्लब आवडला नाही. त्याला झोप हवी होती. आदल्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसने या, नातेवाइकांकडे मुक्काम करा. आजीलाही त्याची गरज असते.

कागद: सगळ्यांची ओळखपत्रं, मुलाचा जन्मदाखला. आई किंवा बाबा येत नसतील, किंवा आजी-आजोबाच नातवंडाला नेत असतील, तर आईबाबांचं सही केलेलं संमतीपत्र, आणि बोटीला ते कसं लागतं हे कंपनीकडून आधीच कळवून घ्या.

बोटीवर चढल्यावर बफेकडे जाऊ नका. आधी क्लबकडे जा. नोंदणी पहिल्याच दिवशी होते आणि जागा भरतात. फॉर्म भरायला सगळी मोठी माणसं बरोबर न्या, आजीसकट, म्हणजे फोटो किंवा सही लागली तर तिथल्या तिथे होते. भरून झाला की परत द्यायच्या आधी तो रकाना बोट ठेवून वाचा. आई. बाबा. आजी. आजोबा. परवलीचा शब्द ठेवायची पद्धत असेल तर असा ठेवा की आजीला आठवेल, आणि तिच्याकडून दोनदा वदवून घ्या. ‘नंतर ॲड करू’ म्हणू नका, नंतर होत नाही. मूल घ्यायला किमान किती वयाचं माणूस चालतं तेही विचारा, कारण चौदा वर्षांच्या मोठ्या बहिणीला पाठवायचा बेत बहुतेक ठिकाणी फसतो.

मग संपर्क. किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज जाते. मूल रडलं तर तुम्हाला कसं कळवणार, हे विचारल्याशिवाय दार सोडू नका. केबिनमधला फोन, बोटीचं ॲप, पेजर, जे असेल ते. ॲपला बोटीचं वायफाय लागत असेल तर तो फोन सुरू आणि चार्ज केलेला हवा. दोघांनी एकाच वेळी अशा जागी बसू नका जिथे काहीच पोहोचत नाही. बसलात, तर कुठे बसलोय ते आजीला सांगा.

सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव, चुकवायची नाही. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझबोट बुडाली, त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ही ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते. मुलाच्या मनगटावर जमायच्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा बांधतात, तो काढू देऊ नका. भोंगा वाजला आणि मूल क्लबमध्ये असेल, तर क्लबवाले त्याला तुमच्या जागेवर आणणार की तुम्ही जाऊन घ्यायचं? प्रत्येक बोटीची पद्धत वेगळी असते, नक्की विचारा. मुलांचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये आपोआप ठेवलेलं असेल असं नाही. बोटीवर प्रवाशांच्या किमान १० टक्के इतकी मुलांची जॅकेटं असावीच लागतात, आणि मुलं जास्त असतील तर प्रत्येकाला एक. मागून घ्या, घालून बघा, दोन पायांमधून जाणारा पट्टा आवळून बघा.

पहिल्यांदा सोडताना अर्धा-पाऊण तासच. जवळपासच थांबा. पण दारात उभं राहून डोकावत राहू नका, त्याने मूल आत रमत नाही. पहिलं न्यायला आजीला पाठवा, तुम्ही बाजूला थांबा. नावात काही गफलत असेल तर तेव्हाच कळेल, आणि सुधारता येईल. रडणं थांबलंच नाही तर परत आणा, संध्याकाळी पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणालं तर सोडून द्या, डेकवर घेऊन फिरा.

कपड्यांवर नाव. आत पोहायला नेत नाहीत, पोहण्याचे कपडे तिथे देऊ नका. आवडतं बाहुलं केबिनमध्येच ठेवा, हरवतं. फोटो काढायला परवानगी द्यायची की नाही ते ठरवून जा.

शेवटच्या रात्री बऱ्याच बोटींवर मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. मुलाचे सकाळचे कपडे, चपला आणि औषध बाजूला काढा. क्लबचा पट्टा परत करायचा असेल तर रात्रीच करा, सकाळी तिथे कोणी नसतं. बिल बघा, क्लबचे उशिराचे तास लागलेत का ते तपासा. बाटली, टोपी क्लबमधून आणा. परतीचं तिकीट दुपारनंतरचं काढा, उतरायला वेळ लागतो.