जुन्या जपानी घरात मातीच्या भिंतीवर पांढरा चुना लावायचाय? आधी डागांचं बघा

जपानमध्ये जुनं लाकडी घर घेतलं की जो तो सांगतो, भिंतींना शिक्कुई (जपानी चुन्याचा गिलावा) मारा, पिवळसर दिवे लावा, झालं. माझं टोकियोजवळच्या चिबातलं घर आणि नंतर मैत्रिणींची तीन घरं केल्यावर सांगते, एवढं सोपं असतं तर माझे दोन महिने वाया गेले नसते.

घर जून 1981 च्या आधीच्या (भूकंपाचे नियम कडक होण्यापूर्वीच्या) नियमांनी बांधलेलं असेल तर आधी भूकंपाची तपासणी, मग वाळवी, मग सजावट. जुन्या मटेरियलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं, त्यामुळे तपासल्याशिवाय काहीही खरवडू नका.

तातामी (जमिनीवरच्या जाड गवती चटया) बाहेर काढा, खांबांना मास्किंग टेप लावा.

आता भिंत. इथेच सगळे फसतात. शिक्कुई म्हणजे चुनाच, त्यात समुद्री शेवाळाची खळ आणि तागासारखे तंतू (आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ घालायचे, तसलाच प्रकार). जुनी भिंत बहुतेक जुराकूची असते, म्हणजे वाळू-मातीची. हात फिरवा, तळव्यावर वाळू आली तर ती भिंत नवीन थर धरणारच नाही. सुटणारं सगळं खरवडून काढा. कापसासारखी मऊ, चकचकीत धागे असलेली भिंत असेल तर पाण्याचा फवारा मारा, दहा मिनिटांनी पापुद्रे निघतात. कोरडी खरवडत बसलात तर धूळ खाल.

मग सीलर, म्हणजे चुन्याआधी भिंतीला लावायचा अस्तराचा थर. मी पहिल्या खोलीत एकच हात मारला, कारण व्हिडिओत एकच मारला होता. संध्याकाळी भिंत दुधासारखी पांढरी, तिसऱ्या दिवशी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. याला इथे 'आकू' म्हणतात. ओल्या चुन्यातलं पाणी जुन्या मातीतला रंग विरघळवतं आणि वाळताना वर ओढून आणतं. वरून कितीही चुना थापा, डाग परत वर येतो, मी तीनदा थापलाय. आता माझा नियम, डब्यावर आकू-दोमे (डाग अडवणारा) लिहिलेला सीलरच घ्यायचा, दोन हात, मधे डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्यायचा, आणि कपाटामागे फूटभर जागेत चुना लावून तीन दिवस बघायचं. प्लायवूडलाही हेच, तेही डाग सोडतं. यावर कोणी "एवढं काही लागत नाही" म्हटलं तर त्याच्या घरची भिंत बघायला जा.

चुना तयार भिजवलेलाच घ्या, हातमोजे आणि गॉगल घाला, डोळ्यात उडाला तर भयंकर चुरचुरतो. पहिला हात पातळ. बोटाला चिकटत नाही पण दाबलं तर दबतं, अशा वेळी दुसरा. थापीच्या खुणा राहू द्या, गुळगुळीत करण्याच्या नादात मी एक कोपरा घासून घासून काळा केला होता. जून-जुलैच्या पावसात वाळायला फार वेळ लागतो, आणि थंडीत पाच डिग्रीच्या खाली हातच लावू नका.

टेप चुना ओला असतानाच काढा. वाळल्यावर ओढलीत तर कडेचा चुना बरोबर निघतो, मग छोट्या ब्रशने कडा भरत बसा.

शोजीचा (सरकत्या कागदी दारांचा) कागद, 2700 केल्विनचे पिवळसर दिवे, फरशीला तेल, हे सगळं नंतर एका रविवारी होतं.